खाऱ्या पाण्यातील स्पिनिंग रील: निवड, वापर आणि देखभाल

कोकणात नव्याने गरवायला लागलेले मित्र रीलची, म्हणजे गळाची दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राची, पहिली तक्रार घेऊन येतात ती बहुधा पहिल्या पावसाळ्यानंतर. मे अखेरीस कपाटात ठेवलेली रील ऑगस्टमध्ये बाहेर काढली, तर हँडल जड फिरते, बेल नावाची तारेची कमान अर्धवट उघडून अडकते आणि दोरी ज्या छोट्या रोलरवरून आत येते तो रोलर जागचा हलत नाही. "तीन महिने हातसुद्धा लावला नव्हता," असे ते सांगतात आणि ते खरेच असते. मिठाने आपले काम त्याच तीन महिन्यांत उरकलेले असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत आर्द्रता दिवसचे दिवस त्याहून वरच असते. त्यामुळे रीलच्या आत राहिलेला मिठाचा कण कपाटातही ओलाच राहतो आणि पोलाद व अ‍ॅल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज धरायला त्याला दुसरे काही लागत नाही.

म्हणून रील किती टिकणार हे ठरवताना मी तिच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींना अधिक महत्त्व देतो. दुकानात ती नीट तपासून घेतली होती का, ही पहिली. आणि प्रत्येक वेळी गरवून आल्यावर तिला त्याच दिवशी पंधरा मिनिटे दिली जातात का, ही दुसरी. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: कोणता भाग किती राबतो ते समजून घ्या

स्पिनिंग रीलमध्ये दोरी गुंडाळताना स्पूल, म्हणजे दोरी साठवणारी चक्री, स्वतःभोवती फिरत नाही. त्याच्याभोवती रोटर फिरतो आणि दोरी स्पूलवर चढवतो. हँडल फिरवले की आतला मोठा मेन गियर फिरतो, तो लहान पिनियन गियरला फिरवतो, पिनियन रोटरला फिरवतो आणि त्याच वेळी स्पूल हळूहळू वर-खाली होत राहतो, म्हणजे दोरी एकाच जागी साठत नाही. रोटरच्या दोन्ही बाजूंना जोडलेली, फेकताना दोरी मोकळी सोडण्यासाठी उघडायची तारेची कमान म्हणजे बेल, आणि बेलच्या एका टोकाशी असलेले इवलेसे चाक म्हणजे लाइन रोलर. स्पूलच्या माथ्यावरची चकती फिरवून जो दाब कमी-जास्त करतात तो ड्रॅग. मासा ठरावीक जोरापेक्षा अधिक ओढू लागला की दोरी तुटू न देता सोडण्याचे काम त्याचे. हँडल उलटे फिरू न देणारा एकदिशा क्लच रोटरच्या खाली लपलेला असतो.

यातला सर्वांत जास्त कोण राबतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ४००० आकाराच्या (आकडा मोठा तशी रील मोठी), ६:१ गुणोत्तराच्या, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला रोटरचे सहा फेरे देणाऱ्या रीलमध्ये हँडलच्या एका फेऱ्यात साधारण एक मीटर दोरी आत येते. एका सकाळी ४० मीटर लांबीच्या २०० फेकी केल्या, तर हँडलचे ८,००० फेरे होतात आणि रोटरचे ४८,०००. लाइन रोलरचा व्यास मात्र जेमतेम ८ मिलिमीटर आणि परीघ २५ मिलिमीटर असतो, म्हणजे ४० मीटर दोरी आत येईपर्यंत तो १,६०० वेळा आणि त्या एका सकाळीत ३,२०,००० वेळा फिरतो. शिवाय दोरी तिथे जवळजवळ काटकोनात वळते. मासा ३ किलोच्या जोराने ओढत असेल, तर रोलरवर सव्वाचार किलोच्या आसपास भार येतो. खारट पाण्याने भिजलेली दोरी सर्वांत आधी त्याच्यावरच येऊन पिळली जाते. सर्वांत लहान, सर्वांत ओला आणि सर्वांत अधिक फिरणारा हा भाग आहे, आणि नवोदितांच्या देखभालीत नेमका तोच सुटतो.

माझ्या पहिल्या रीलचा रोलर असाच जाम झाला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. हँडल गुळगुळीत फिरत होते, ड्रॅग सुटत होता, मग तक्रार करायची कशाची? खाडीच्या तोंडाशी एक चांगला जिताडा लागला, त्याची दुसरी धाव थांबवून मी त्याला वळवायला लागलो आणि दोरी मधूनच तुटली. घरी येऊन दोरीचे टोक उजेडात धरले, तर शेवटचा दीड-दोन मीटर भाग पिंजलेल्या कापसासारखा झाला होता. रोलरवरून नख फिरवले, तेव्हा ते एका केसाएवढ्या खाचेत अडकले. न फिरणाऱ्या रोलरवर ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, दोरी कित्येक दिवस करवतीसारखी घासत होती. त्या माशाचे मला आजही वाईट वाटते, कारण तोंडात गळ घेऊन तो गेला आणि चूक पूर्णपणे माझी होती.

रोलर फिरतो की नाही हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. हातभर दोरी रोलरखालून घ्या, दोन्ही टोके हातात धरून हलक्या ताणाने पुढे-मागे ओढा आणि रोलर दोरीबरोबर फिरतो का ते डोळ्यांनी पाहा. रोलरवर आधी शाईचा बारीक ठिपका दिला तर शंकाच उरत नाही. ही तपासणी दर वेळी निघण्यापूर्वी करावी.

दुसरी पायरी: दुकानात तपासणी

खोक्यावर छापलेल्या बेअरिंगच्या संख्येवर भाळू नका. हलक्या प्रतीच्या दहा बेअरिंगांपेक्षा योग्य जागी बसवलेली, गंजरोधक अशी चार-पाच बेअरिंगे खाऱ्या पाण्यात अधिक उपयोगी पडतात, आणि लाइन रोलरमध्ये बेअरिंग आहे की नुसती प्लास्टिकची बुशिंग, म्हणजे साधी कडी, हा प्रश्न एकूण संख्येपेक्षा अधिक मोलाचा आहे. रील हातात घेऊन हँडल अगदी सावकाश फिरवा. फेऱ्यात एकाच ठिकाणी दर वेळी खरखर लागत असेल तर ती रील बाजूला ठेवा. हँडल फिरवून एकदम थांबवा आणि उलट दाबून पाहा. ते जराही मागे जाता कामा नये. बेल दहा-वीस वेळा हाताने उघडून मिटवा. रोटर बोटांत धरून हलवला तर त्यात थोडा सैलपणा जाणवतो, पण तो खडखडणारा नसावा. ड्रॅग सैल करून दोरी ओढली, तर ती सुरुवातीलाच न अडकता एका लयीत सुटली पाहिजे.

बॉडी ग्रॅफाइटची की धातूची, याचा निर्णय वापरावरून करावा. ग्रॅफाइट मिश्रित बॉडी गंजत नाही आणि हलकी असते, पण मोठ्या भाराखाली ती किंचित वाकते आणि मग गियरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. खाडीत २५०० किंवा ३००० आकाराच्या रीलने गरवणाऱ्याला याची झळ फारशी लागत नाही. कातळावरून मोठे ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, फेकणाऱ्याने मात्र ४००० ते ५००० आकाराची, धातूच्या बॉडीची रील पाहावी.

काही रीलवर आयपीएक्स५ किंवा आयपीएक्स६ असे, पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारे मानांकन असते. पहिल्याची चाचणी मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याच्या झोतात घेतात, दुसऱ्याची मिनिटाला १०० लिटरच्या झोतात. ही दोन्ही झोताची मानांकने आहेत, बुडवण्याची नाहीत, हे लक्षात ठेवावे. अशी रील तुषारांना आणि एखाद्या लाटेला दाद देत नाही, पण बादलीत भिजत घातली तर आत पाणी जाणार नाही असे ते मानांकन कुठेही सांगत नाही. शेवटचा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो सुट्या भागांचा: बेलची स्प्रिंग, लाइन रोलर आणि ड्रॅगचे वॉशर वेगळे मिळतील का? "मिळणार नाहीत" असे उत्तर आले, तर ती रील कितीही देखणी असली तरी दोन-तीन हंगामांचीच सोबती समजावी.

तिसरी पायरी: दोरी भरणे

दोरी कमी भरली तर फेक आखूड पडते आणि काठोकाठ भरली तर ती गुंत्यासह सुटते. म्हणून स्पूलच्या कडेपासून साधारण दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेड दोरी थेट बांधली तर ती पूर्णच्या पूर्ण गोल सरकते आणि आपल्याला वाटते ड्रॅग बिघडला. आधी तंगुसाचे काही फेरे घालून त्यावर ब्रेडेड दोरी जोडली की हा त्रास होत नाही. भरताना दोरी ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणात ठेवावी, नाहीतर सैल वळणांत वरची दोरी रुतून बसते. भरून झाल्यावर स्पूलवरचा थर पाहा. तो वरच्या किंवा खालच्या बाजूला फुगलेला दिसला, तर स्पूलखालचे पातळ वॉशर कमी-जास्त करून तो सरळ करता येतो.

चौथी पायरी: ड्रॅग लावणे

नवोदित मंडळी ड्रॅग हाताच्या अंदाजाने लावतात आणि बहुतेक वेळा तो जास्तच आवळलेला असतो. साधा स्प्रिंगचा वजनकाटा घ्या, दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून काट्याला बांधा, रॉड मासा खेळवताना धरतो तसा वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी काटा ओढायला सांगा. दोरीच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याला ती सुटू लागली पाहिजे. ९ किलोच्या दोरीला हा आकडा सव्वादोन किलो येतो. एवढा कमी कशासाठी, असे वाटेल. गाठीत दोरीची थोडी ताकद जाते, माशाच्या पहिल्या झटक्याला ड्रॅग सुटायला क्षणभर लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्पूलवरची दोरी कमी होत गेली की तोच ड्रॅग आपोआप घट्ट होत जातो. स्पूलवरील दोरीच्या गुंडाळीचा व्यास निम्म्यावर आला, तर दोरीवरचा ताण दुप्पट होतो. मासा लांब पळत असताना घाबरून ड्रॅग आवळणे, हे म्हणूनच सर्वांत वाईट वेळी केलेले सर्वांत वाईट काम ठरते.

पाचवी पायरी: वापरतानाच्या सवयी

फेक झाल्यावर बेल हाताने मिटवा. हँडलचा झटका देऊन ती मिटवता येते, परंतु दर फेकीगणिक तो धक्का स्प्रिंग आणि लिव्हरला बसतो, शिवाय दोरी सैल राहून स्पूलवर कडी पडते आणि पुढच्या फेकीत तिचा गुंता होतो. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत बसू नका. दोरी आत येत नाहीच, उलट प्रत्येक फेऱ्याला तिला पीळ पडतो. गळ कातळात किंवा कालवांत अडकला तर रीलने ओढून सोडवू नये. दोरी फडक्यात किंवा एखाद्या काठीला गुंडाळून सरळ मागे ओढावी, म्हणजे तो भार मुख्य शाफ्टवर आणि गियरच्या दातांवर पडत नाही.

रील वाळूत ठेवण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी. पडलीच, तर हँडल एकदाही फिरवू नका, कारण रोटरखाली गेलेला वाळूचा कण पहिल्या फेऱ्यातच आत ओढला जातो. आधी फुंकर मारा, मग गोड्या पाण्याची बाटली हलक्या धारेने ओता आणि त्यानंतरच फिरवून पाहा. रील समुद्रात पूर्ण बुडाली तर त्या दिवशीची मासेमारी संपली असे समजा. ती आतून उघडावीच लागते, आणि हे काम पुढच्या रविवारवर टाकता येत नाही.

सहावी पायरी: त्याच दिवशी धुणे

याबाबत मी आग्रही आहे. रात्री दोन वाजता परतलात, तरी झोपण्यापूर्वी रील धुऊन ठेवा. मीठ वाळून आतल्या बाजूला खडा होऊन बसले की सकाळची धार त्याला सहजासहजी हलवत नाही.

धुण्यापूर्वी ड्रॅगची चकती पूर्ण आवळा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या वॉशरपर्यंत पोचणार नाही. नळाची धार मंद ठेवा. जोराचा झोत मीठ धुण्याऐवजी खारट पाणी बेअरिंगांच्या आत ढकलतो, म्हणून गाडी धुण्याचा पंप रीलपासून दूरच बरा. रील स्पूल वर आणि हँडल बाजूला अशी धरून वरून पाणी सोडा आणि धारेखाली हँडल हळू फिरवत राहा. रोलरवर धार वेगळी धरा आणि बोटाने तो फिरवा. बेलच्या दोन्ही सांध्यांवर, हँडलच्या मुठीच्या बुडाशी आणि रील रॉडला जिथे बसते त्या पायावर पाणी जाऊ द्या. बादलीत बुडवू नका. किनाऱ्यालगतच्या अनेक गावांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असते. अशा ठिकाणी पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली वापरावी, ती एका रीलला पुरते.

मग रील झटकून जुन्या सुती फडक्याने पुसा, स्पूल काढून आतला शाफ्ट पुसा आणि सावलीत, वारा लागेल अशी रात्रभर ठेवा. स्पूलवरची दोरीही मीठ धरून असते, म्हणून महिन्यातून एकदा स्पूल सुटा करून फक्त दोरीवर पाणी ओतावे. सुकल्यावर ड्रॅग सैल करायला विसरू नका. आवळलेल्या स्थितीत ठेवलेला ड्रॅग आतले वॉशर दाबून टाकतो, आणि मग पुढच्या वेळी माशाला दोरी हिसक्याहिसक्याने सुटते.

सातवी पायरी: तेल कुठे, ग्रीस कुठे

जे भाग वेगाने आणि हलके फिरतात त्यांना तेल, आणि जे भाग भाराखाली एकमेकांवर घासतात त्यांना ग्रीस, एवढे सूत्र पुरेसे आहे. लाइन रोलर, हँडलची मूठ, बेलचे सांधे आणि उघडी बेअरिंगे यांना दर चार-पाच वेळा गरवून आल्यावर एकेक थेंब तेल द्या. गियर आणि स्पूलच्या शाफ्टला वर्षातून एकदा, पातळ थराने ग्रीस. खास रीलचे तेल हाताशी नसेल, तर शिलाई मशीनचे पातळ तेल रोलरला चालते. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल मात्र घालू नये, ते काही दिवसांत चिकट होऊन घट्ट बसते. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा पाणी हटवायला चांगला आहे, पण त्याच्यावर वंगण म्हणून भरवसा ठेवला तर तो आतले ग्रीसच पातळ करून टाकतो.

दोन जागी हात आवरावा लागतो. एकदिशा क्लचमध्ये बारीक दंडगोल रोळे असतात आणि ते पकड घेऊनच काम करतात. तिथे ग्रीस गेले की रोळे घसरतात आणि माशाच्या तोंडात गळ रुतवायला झटका देण्याच्या नेमक्या क्षणी हँडल उलटे फिरते. तसे झाले तर क्लच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा आणि अगदी पातळ तेलाचा नखाएवढाच अंश द्यावा. दुसरी जागा म्हणजे दायवा कंपनीच्या मॅगसील रचनेच्या रील. त्यांत चुंबकाने धरून ठेवलेल्या विशेष तेलाचा पडदा पाणी अडवतो; आपण बाहेरून तेल सोडले तर तो पडदाच मोडतो. अशी रील कंपनीच्या सेवा केंद्राकडे द्यावी.

आठवी पायरी: पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करणे

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि खवळलेल्या समुद्रात कातळावर उभे राहणे जिवाशी खेळ असल्यामुळे आपणही तेव्हा घरीच असतो. रील उघडायची ती त्याआधी, मेच्या अखेरीस.

कडा असलेल्या ताटात पांढरे फडके पसरा, म्हणजे निसटलेला वॉशर घरंगळत जाणार नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या आणि काढलेले भाग डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडा. पातळ वॉशर कोणत्या बाजूला किती होते हे आठवणीवर सोडू नका. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तरी गियर आवाज करू लागतात. जपानी रीलचे स्क्रू नेहमीच्या फुलीच्या स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते, म्हणून त्यांना जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरावा. साधा स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटून तिच्या कडा गोल करतो आणि मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर ते अ‍ॅल्युमिनियम झिजत असल्याचे लक्षण आहे. जोर न लावता तेलाचा थेंब सोडून एक रात्र थांबा.

जुने, करडे झालेले ग्रीस कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. अ‍ॅसिटोन प्लास्टिकचे भाग खातो, तो नको. गियरचे दात उजेडात एकेक करून पाहा. नव्या ग्रीसने दात चकाकतील इतपतच थर द्या, दातांमधल्या फटी भरून टाकू नका. ड्रॅगचे वॉशर फेल्टचे असतील तर त्यांना तेल किंवा ड्रॅग ग्रीस लागते; कार्बनचे असतील तर ते पुसून कोरडे बसवता येतात किंवा ड्रॅगसाठीच बनवलेल्या ग्रीसचा अगदी हलका हात त्यांना चालतो. बेअरिंग बोटावर फिरवून खरखरले तर ते धुऊन पाहावे. तरीही खरखर राहिली, तर बदलावे. एकदिशा क्लच सुरुवातीला खोलू नका. त्यातल्या स्प्रिंगा इतक्या बारीक असतात की पहिल्याच वेळी त्या हमखास उडतात.

जोडणी झाल्यावर हँडल जड लागले, तर स्क्रू आणखी आवळू नका; एखादा भाग तिरका बसला आहे, फोटो पाहून पुन्हा उघडा. फेऱ्यात एकाच जागी अडखळत असेल तर शाफ्ट वाकलेला किंवा गियरचा दात दुखावलेला असू शकतो, आणि ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

साफ झालेली रील ड्रॅग सैल ठेवून, सुती पिशवीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कपाटात ठेवा. हवाबंद प्लास्टिकमध्ये नको, कारण आत राहिलेला दमटपणा बाहेर पडत नाही. दर पंधरा दिवसांनी ती काढून हँडलचे दहा-बारा फेरे द्या. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा बाहेर निघाल, तेव्हा रोलरची दोरी ओढून करायची तपासणी करा, काट्यावर ड्रॅग नव्याने लावा आणि दोरीचे पुढचे तीन-चार मीटर कापून गाठ ताजी बांधा.